आधी भांडं पालथं करा: हातची मातीची भांडी पारखायची, किंमत लावायची आणि ऑनलाइन विकायची कशी

माळ्यावरून जुनी बरणी खाली उतरली की घरातले सगळे तिच्याकडे समोरून बघतात, रंग बघतात, झाकण उचलून आत वास घेतात, आणि कोणीतरी म्हणतंच, "अगं हे अँटिक आहे, हजारोंना जाईल." मीही सुरुवातीला असंच करायचे. आता पाच-सहा वर्षं हा उद्योग केल्यावर सवय अशी लागलीये की वस्तू हातात आली की आधी पालथी करायची, कारण समोरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते आणि खरं काय ते बुडाला कळतं. कुठल्या मातीचं, कसं घडवलं, किती वापरलं, कुठे दुरुस्त केलं, सगळं तिथेच.

हा लेख कोणासाठी, तर ज्यांच्याकडे घरातलीच काही चिनीमातीची, टेराकोटाची भांडी पडलीयेत आणि विकावीत का असा विचार चाललाय, किंवा ज्यांना पुण्याच्या जुन्या बाजारातून (रविवार आणि बुधवार), मुंबईच्या चोर बाजारातून, नाहीतर कारागिरांकडून थेट माल घेऊन ऑनलाइन विकायचाय. मोठं दुकान काढणाऱ्यांना याचा फार उपयोग नाही. महिन्याला पाच-दहा नग विकणाऱ्यांचा हा हिशोब आहे.

पहिलं काम: हे नक्की आहे काय

"मातीचं भांडं" या एका शब्दात चार वेगळ्या जाती बसतात आणि त्यांची किंमत, पॅकिंग, धुणं सगळंच वेगळं असतं, त्यामुळे इथे घाई करू नका.

भांडं पालथं केलं की बुडाला बहुतेक वेळा एक कडं दिसतं ज्यावर झिलई (काचेसारखा चकचकीत थर) नसते, उघडी माती असते. तिथे ओलं बोट टेकवा. पाणी लगेच आत शोषलं गेलं तर माती कमी तापमानाला भाजलेली आहे, म्हणजे टेराकोटा किंवा त्याच्या जवळचं काहीतरी. पाणी तसंच थेंब धरून बसलं तर स्टोनवेअर (आपल्या लोणच्याच्या बरण्या याच्याच) किंवा पोर्सेलिन, म्हणजे साधारण १२०० अंशांच्या आसपास किंवा त्याच्या वर भाजलेलं. जुनी मंडळी जीभ लावून बघतात, कच्ची भाजलेली माती जिभेला चिकटते, प्रयोग एकदम बरोबर आहे पण बाजारातल्या वस्तूवर करू नका, ती आधी कुठे पडली होती देव जाणे.

मग वाजवून बघा. आपण माठ घेताना वाजवतोच की, तसंच. भांडं हाताच्या तळव्यावर मोकळं ठेवायचं, दुसऱ्या हाताने घट्ट धरायचं नाही, आणि बोटाच्या पेराने पोटावर हलकीच टिचकी. स्टोनवेअरची धड बरणी टणकन वाजते आणि आवाज जरा रेंगाळतो. तडा असेल तर तीच बरणी "ठप" करते, जणू कोणी वर हात ठेवलाय. पण एक लक्षात ठेवा, जयपूरच्या ब्लू पॉटरीचा आवाज मुळातच बसका असतो, त्यावरून ती फुटकी आहे असं ठरवू नका, मी एकदा असंच ठरवून एक छान सुरई सोडून दिली होती आणि अजून हळहळते.

आता जयपूरचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जयपूर ब्लू पॉटरीत नेहमीची कुंभाराची माती नसतेच. क्वार्ट्झ दगडाची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, कतिरा डिंक असं कालवून कणकेसारखा गोळा करतात, तो पोळीसारखा लाटतात, साच्यात बसवतात आणि आकार राहावा म्हणून आत राख भरतात. चाकावर साधारण गळा आणि बूड तेवढं घडतं. भट्टी ८००-८५० अंशांची आणि तीही एकदाच. निळा रंग कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा. विसाव्या शतकात ही कला परत उभी करण्यात कृपालसिंह शेखावत यांचं नाव सगळ्यात मोठं, त्यांना १९७४ साली पद्मश्री मिळाली. हे सगळं सांगायचं कारण असं की या भांड्यावर साच्याचा जोड दिसला म्हणून ते "मशिनचं" ठरत नाही, आणि उलट जोड नाही, वजनाला जड आहे, बुडाला ओलं बोट लावलं तर पाणी जराही आत जात नाही आणि नक्षी मात्र निळी आहे, तर ते बहुतेक खुर्ज्याचं स्टोनवेअर आहे. खुर्जा उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात, माल चांगला असतो, रोज वापरता येतो, पण तो जयपूर म्हणून विकायचा नाही. जयपूर ब्लू पॉटरी आणि खुर्जा पॉटरी दोन्हींना जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, म्हणजे ते नाव खरोखर तिथल्याच वस्तूला लावायचं.

काळी भांडी दोन ठिकाणची जास्त दिसतात. आझमगढ जिल्ह्यातल्या निजामाबादची काळी भांडी, चकचकीत, त्यावर कोरलेली नक्षी आणि त्यात चांदीसारखी भुकटी भरलेली, ती भुकटी जस्त-पाऱ्याची असते, जुन्यात शिसंही. हिला जीआय २०१५ मध्ये मिळाला. आणि दुसरी मणिपूरच्या उखरुल जिल्ह्यातली लोंगपी, तांगखुल नागा लोकांची, चाक न वापरता हाताने घडवलेली, सर्पेंटाइन दगडाची पूड आणि माती कालवून केलेली. लोंगपीचं भांडं थेट गॅसवर चालतं म्हणून हल्ली शहरात तिला फार मागणी आहे आणि म्हणूनच काळा रंग मारलेला टेराकोटा लोंगपी म्हणून खपवणारेही आहेत. ओला कापूस आतून-बाहेरून घासा, कापूस काळा झाला तर घेऊ नका. हातात धरल्यावर आकाराच्या मानाने जड लागायला हवं, उचलताना "अरे!" झालं पाहिजे.

टेराकोटा म्हटलं तर कच्छमधलं खावडा, राजस्थानातलं मोलेला, आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातलं भद्रावती, प्रत्येकाची माती आणि हात वेगळा. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांच्या ग्रामोदय संघाने या कामाला जे वळण दिलं त्यामुळे तिथला माल विदर्भातल्या कित्येक घरांत आहे, लोकांना ते माहीतसुद्धा नसतं. माळ्यावरचं खोकं उघडा, बूड बघा.

आणि स्टुडिओ पॉटरी, म्हणजे एकेका कलाकाराने केलेली. यात दिल्लीच्या गुरचरणसिंगांची परंपरा, हिमाचलमधलं आंद्रेटा, पाँडिचेरीतली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये सुरू केलेली गोल्डन ब्रिज पॉटरी, ही नावं माहीत असलेली बरी. इथे बुडावरची एक छोटी सही किंवा ठसा किंमत दसपट करू शकतो, म्हणून मळ साचलेलं बूड जुन्या टूथब्रशने आणि नुसत्या पाण्याने हलक्या हाताने साफ करून मगच निर्णय घ्या.

बरण्यांबद्दल वेगळं, कारण आपल्याकडे तेच जास्त

वरचा भाग तपकिरी, खालचा दुधी, मोठ्या बरण्यांना कान, तोंडाला कोणी तरी बांधलेला दादरा, ही बरणी प्रत्येक मराठी घरात होती. बुडाला कधी बेंगॉल पॉटरीज, कधी ग्वाल्हेर पॉटरीज, कधी सौराष्ट्रातल्या परशुराम पॉटरी वर्क्सचा शिक्का मिळतो, बऱ्याचदा काहीच मिळत नाही. शिक्का मिळाला की लोक खूश होतात आणि लगेच "शंभर वर्षं जुनी" लिहून टाकतात. शिक्का कारखाना सांगतो, साल नाही. कारखाने वर्षानुवर्षं तोच शिक्का वापरत.

आणि या बरण्या "हातच्या" म्हणून लिहू नका. कारखान्यातल्या बऱ्याच बरण्या साच्यावर, फिरत्या यंत्रावर केलेल्या असतात. आत हात घालून भिंतीवरून बोटं फिरवा, चाकावर उचललेल्या भांड्यात कुंभाराच्या बोटांच्या गोल गोल वळ्या लागतात, सारख्या अंतराने नाही, कुठे जवळ कुठे लांब. आतून सगळं गुळगुळीत आणि बाहेरून बारीक उभी रेघ असेल तर साचा. नक्षीसुद्धा भिंगातून बघा, ब्रशची रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी विरळ होते, दोन रेघा एकमेकींवर चढतात, चिकटवलेल्या छापील नक्षीत बारीक ठिपके दिसतात, वर्तमानपत्रातल्या फोटोत दिसतात तसे.

नव्या बरण्या जुन्या म्हणून येतात हेही आहेच. खरी जुनी असेल तर बुडाच्या कडेवर ओरखडे सगळ्या दिशांनी असतात, कुठे जास्त झिजलेलं कुठे कमी, कारण ती चाळीस वर्षं फरशीवर सरकवलेली असते. पॉलिश पेपरने मुद्दाम घासलेली असेल तर ओरखडे एकाच दिशेने आणि एकसारखे.

टवका, तडा आणि लपवाछपवी

ही तपासणी दिवसाउजेडी एकदा आणि रात्री टॉर्च घेऊन एकदा करा. टॉर्च भांड्याच्या आत धरला तर पातळ भांड्यात तडा रेघेसारखा उजळतो. बाहेरून तिरपा धरला तर झिलईत जिथे रंग लावून दुरुस्ती केलीये तिथली चकाकी वेगळी दिसते. ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत यूव्ही टॉर्च मिळतो, अंधारात मारला की बरेच गोंद वेगळ्या रंगात चमकतात, माझ्या सगळ्या खरेदीत याच्याइतकी वसूल झालेली दुसरी गोष्ट नाही. काठावरून नख फिरवा, डोळ्याला न दिसणारा टवका नखाला लागतो.

झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतात त्या वेगळ्या आणि तडा वेगळा. जाळं फक्त वरच्या काचेत असतं, आवाज फारसा बदलत नाही, बऱ्याच लोकांना ते आवडतंसुद्धा. तडा मातीतून आरपार जातो.

आता माझी फजिती सांगते. एक मध्यम आकाराची बरणी, दिसायला अगदी धड, मी घाईत धुतली आणि ओली असतानाच वाजवून बघितली, ठीक वाटली, फोटो काढले, विकली. गिऱ्हाईक नागपूरचं. तीन आठवड्यांनी त्या ताईंचा फोटो आला, कानाच्या खालून बुडापर्यंत एक पांढरी रेघ, मीठ फुटून वर आलेलं. झालं असं की त्या बरणीत वर्षानुवर्षं खारातली लिंबं होती, केसाएवढ्या चिरेतून मीठ आत मुरलेलं, आणि बरणी पूर्ण वाळल्यावर ते बाहेर आलं. पैसे परत केले, बरणी ठेवा म्हटलं, त्यांनी त्यात छत्र्या ठेवल्या. तेव्हापासून नियम असा की लोणच्याची बरणी आली की साध्या पाण्यात तीन-चार दिवस, रोज पाणी बदलून, मग सावलीत निदान दोन आठवडे वाळवायची आणि त्यानंतरच टॉर्च, आवाज, फोटो. ब्लीच नाही, उकळतं पाणी नाही, कडक ऊन नाही. हिंगाचा वास जात नसेल तर खायचा सोडा आत टाकून दादरा बांधून ठेवा, पंधरा दिवसांत कमी होतो, पूर्ण जाईल असं गिऱ्हाइकाला सांगू नका.

हे भिजवणं फक्त स्टोनवेअरसाठी. ब्लू पॉटरी, निजामाबादची काळी, रंगवलेला टेराकोटा यांना फक्त कोरडा मऊ ब्रश आणि फार तर ओलसर कापड.

किंमत लावायची कशी

इथे लोक काय करतात, एट्सीवर (हातच्या आणि जुन्या वस्तू विकणारी परदेशी साइट) तशीच बरणी शोधतात, तिथे कोणीतरी १२,००० लावलेले असतात, आणि ठरवून टाकतात की आपली पण १२,०००ची. तिथे दिसते ती मागितलेली किंमत, मिळालेली नाही. ती बरणी कदाचित तीन वर्षं तशीच बसलीये. ईबेचं भारतातलं दुकान २०१८ मध्ये बंद झालं पण मुख्य साइटवर जाऊन शोधताना "सोल्ड आयटम्स"चा फिल्टर लावला की खरंच विकल्या गेलेल्या वस्तू आणि त्यांचे आकडे दिसतात, परदेशातल्या भावाचा अंदाज तिथून घ्यायचा. भारतातला अंदाज घ्यायला इन्स्टाग्रामवरचे जुन्या वस्तूंचे विक्रेते फॉलो करा, "सोल्ड" लिहिलेल्या पोस्ट आणि किती वेळात गेलं ते एका वहीत टिपत जा. दोन-तीन महिन्यांची वही कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त सांगते. स्टुडिओ पॉटरीत मोठं नाव असेल तर लिलावगृहांच्या साइटवर जुन्या लिलावांचे निकाल असतात, तेही बघा.

माझा ढोबळ हिशोब असा आहे, चुकतोसुद्धा. धड वस्तूचा जो भाव ठरेल त्यातून बुडाजवळ न दिसणारा टवका असेल तर दहा-पंधरा टक्के कमी, काठावर टवका असेल तर तीस-चाळीस, आरपार तडा असेल तर अर्ध्याहून खाली आणि "फक्त शोभेसाठी" असं स्पष्ट लिहून, झाकण हरवलेलं असेल तर बरणीला जवळपास चाळीस टक्के. झाकण दुसऱ्याच बरणीचं असेल, जे फारच वेळा असतं, तर तेही सांगायचं, बसत असलं तरी.

खर्चाची बाजू लोक धरतच नाहीत. समजा बरणी ७०० ला घेतली. रिक्षा, धुणं वगैरे ८०. दोन खोकी, बबल रॅप, टेप १६०. झाले ९४०. आता फुटतूटीसाठी वेगळं काढा, मी विक्रीच्या साधारण आठ टक्के धरते, १,८००ला विकायची असेल तर १५० च्या आसपास. म्हणजे १,०९० घातले आणि कुरिअर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेतला तर हातात ७१०, आणि त्यात तुमचे फोटो, चॅटिंग, "लास्ट प्राइस क्या है" ला दिलेली उत्तरं यांचे तास आहेत. हे गणित बसत नसेल तर बरणी बाजारातच सोडून या. पहिल्या वर्षी मी ज्या वस्तूंच्या प्रेमात पडून घेतल्या त्यातल्या निम्म्या अजून माझ्याच घरी आहेत, नवरा म्हणतो आपण विकतोय की साठवतोय.

कारागिराकडून नवा माल घेत असाल तर तिथे घासाघीस नको. जुन्या बाजारात जरूर करा, तिथे तो खेळच आहे. पण कुंभाराच्या अंगणात उभं राहून "दहा घेते, किती लावणार" सुरू करण्याआधी भट्टीतून दहातली किती धड निघतात ते विचारा. नाव छापायचं का, फोटो टाकायचा का हेही विचारून घ्या आणि बिल घ्या.

कुठे विकायचं

घरातल्या तीन-चार वस्तू असतील तर फेसबुक मार्केटप्लेस किंवा ओएलएक्स आणि "हातोहात घेऊन जा", पॅकिंगची कटकटच नाही. मोठ्या, वीस-पंचवीस किलोच्या बरण्या तर अशाच विकायच्या. ओएलएक्सवर एक जपा, कोणी पैसे पाठवायच्या नावाखाली क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितला तर करू नका, पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही.

सातत्याने विकायचं तर इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप. एट्सीवर एक नियम नीट समजून घ्या, "व्हिंटेज" म्हणून टाकायचं तर वस्तू निदान २० वर्षं जुनी हवी, आणि दुसऱ्याने केलेली नवी वस्तू "हँडमेड" म्हणून विकत घेऊन परत विकायला तिथे परवानगी नाही. म्हणजे खावड्याहून आणलेला नवा माल तिथे टाकला तर दुकान बंद होऊ शकतं. फी पण धरा, एका लिस्टिंगला २० सेंट आणि विक्रीवर, तुम्ही लावलेल्या शिपिंगसकट, साडेसहा टक्के, शिवाय पेमेंटची फी वेगळी.

आता कायदा. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने १०० वर्षं किंवा त्याहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते. ती परदेशी पाठवता येत नाही, आणि तिच्या विक्रीचा धंदा करायचा तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं लायसन्स लागतं. म्हणून गंमत बघा, लिस्टिंगमध्ये हौसेने "१५० वर्षं जुनी" लिहिणारा माणूस एकतर खोटं बोलतोय नाहीतर स्वतःच स्वतःला अडकवतोय. खरंच तसं काही हाती लागलं, उदाहरणार्थ मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली जी भांडी घडायची, बुडाला "बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट" किंवा "वंडरलँड" असं कोरलेलं, अजिंठ्याच्या धर्तीची नक्षी वगैरे, तर धुऊ नका, पोस्ट करू नका, आधी म्युझियममधल्या किंवा लिलावगृहातल्या माणसाला दाखवा. परदेशी काही जुनाट दिसणारं पाठवायचं असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून "ही पुरावस्तू नाही" असं सर्टिफिकेट मिळतं, ते आधी घेतलं तर कस्टममध्ये खोकं अडकत नाही. अमेरिकेत २०२५च्या ऑगस्टअखेरपासून छोट्या पार्सलची ड्युटीमाफी गेलीये, तिथल्या गिऱ्हाइकाला ड्युटी कोण भरणार ते आधी लिहून विचारा.

जीएसटीचं थोडक्यात, जुन्या वस्तू घेऊन तशाच विकणाऱ्यांसाठी नियमांत अशी सोय आहे की खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेतलं नसेल तर कर पूर्ण किमतीवर नाही, फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर बसतो. राज्याबाहेर विकताना, मोठ्या साइटवरून विकताना नोंदणीचे नियम बदलतात, सीएला एकदा पाचशे रुपये देऊन विचारलेलं परवडतं.

फोटो आणि वर्णन

खिडकीजवळ, सकाळी नऊ-दहाच्या उजेडात, मागे साधा पांढरा कार्डपेपर. फिल्टर नाही. कोबाल्टचा निळा फोनमध्ये नेहमी जास्त भडक येतो, म्हणून शेजारी एक पांढरा कप ठेवा आणि कप पांढरा दिसेल इतपतच रंग दुरुस्त करा. समोरून, मागून, आतून, काठ, झाकण वेगळं, बूड, हातात धरलेलं, आणि प्रत्येक टवका जवळून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. टवक्याचा फोटो दुसऱ्या नंबरला लावा, शेवटी लपवू नका. मला वाटायचं याने विक्री कमी होईल, झालं उलटंच, चौकशा कमी आल्या पण आलेल्या चौकशांतून विक्री जास्त झाली, आणि परत येणं जवळजवळ थांबलं.

वर्णन मी असं लिहिते, तसंच्या तसं देते: "स्टोनवेअर बरणी, तपकिरी-दुधी झिलई, झाकणासकट. उंची २५ सेंमी, पोटाचा व्यास १८ सेंमी, वजन झाकणासह ३ किलो, पाणी साडेतीन लिटर मावतं (मोजलंय). साच्यावरची, कारखान्याची. बुडाला शिक्का पुसट, वाचता येत नाही. साल माहीत नाही, आमच्याकडे १९८० च्या आधीपासून होती असं आजी सांगायची. काठाला एक टवका ६ मिमी, फोटो २. तडा नाही, वाळवून वाजवून बघितलंय. आत हिंगाचा हलका वास आहे." बास. "रेअर", "एक्स्क्लुझिव्ह", "रॉयल" हे शब्द घालून काही मिळत नाही. टायटलमध्ये मात्र लोक जे शोधतात ते सगळं इंग्रजीत घाला, बरणी, पिकल जार, स्टोनवेअर, व्हिंटेज, कारण बंगळुरूचा माणूस बरणी म्हणून शोधत नाही.

खाण्यासाठी चालेल का हा प्रश्न हमखास येतो. जयपूरच्या जुन्या झिलईत शिसं असू शकतं, निजामाबादच्या भुकटीत पारा आणि शिसं, म्हणून ही दोन्ही मी शोभेची म्हणूनच विकते. नव्या मालाबद्दल कारागिराकडे शिसं नसल्याचा टेस्ट रिपोर्ट असेल तर तो जोडा, नसेल तर "चालेल हो" असं तोंडी म्हणू नका.

पॅकिंग, जिथे खरे पैसे जातात

दोन खोकी. याला पर्याय नाही. झाकण वेगळं गुंडाळायचं, कधीही बरणीवर बसवून पाठवायचं नाही, रस्त्यात तेच हातोड्यासारखं काठावर आपटतं. बरणीच्या पोटात चुरगळलेले कागद ठासून, कानांभोवती आधी कागदाची वळी गुंडाळून ती पोटाच्या बरोबरीला आणायची, मग बबल तीन-चार वेढे. लहान खोक्यात बसवली की खोकं कानाशी धरून हलवा, काहीही हललं-वाजलं तर उघडा आणि परत भरा. मग ते खोकं मोठ्या खोक्यात, सहाही बाजूंनी पाच सेंमी भरण. आंब्याच्या पेटीतला पेंढा चालतो, पण परदेशी पार्सलला पेंढा अजिबात नको, तिकडे वनस्पतीजन्य भरणावरून माल अडतो. थर्माकोलचे दाणे मला आवडत नाहीत, जड बरणी त्यातून हळूहळू खाली सरकते आणि शेवटी बुडाला खोकंच राहतं.

आता वजनाचा फटका. कुरिअरवाले साधारणपणे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंमीमध्ये, भागिले ५,००० असं काढतात आणि खरं वजन आणि हे यात जे जास्त त्याचे पैसे घेतात. वरचीच बरणी घ्या. आतलं खोकं २४×२४×३१, बाहेरचं ३४×३४×४१. गुणाकार ४७,३९६, भागिले ५,००० म्हणजे जवळपास साडेनऊ किलो. बरणी तीन किलोची! आणि घरात पडलेलं ४०×४०×४५ चं खोकं वापरलंत तर १४.४ किलो. म्हणजे नुसतं बरोबर मापाचं खोकं शोधल्याने पाच किलोचे पैसे वाचतात. त्यामुळे लिस्टिंग टाकायच्या आधीच खोकं ठरवा आणि कुरिअरचा भाव काढून ठेवा, विकल्यावर नाही. किराणा दुकानदाराशी ओळख ठेवा, चहाची आणि बिस्किटांची खोकी चांगली जाड असतात.

"फ्रॅजाइल"च्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका. भरलेलं खोकं कंबरेच्या उंचीवरून सतरंजीवर टाकून बघायची हिंमत होत नसेल तर पॅकिंग पुरेसं झालेलं नाही. मी पहिल्यांदा एका फुटक्या बरणीवर हा प्रयोग केला, आणखी फुटली नाही तेव्हा कुठे झोप लागली.

इन्शुरन्स घेताना नीट विचारा, पुष्कळ कुरिअर काच आणि चिनीमातीची फूट भरूनच देत नाहीत, हप्ता मात्र घेतात. माझं एक पार्सल असंच गेलं, चार वेळा फोन, सहा मेल, शेवटी हातात काही नाही. म्हणून फुटतुटीचे आठ टक्के आपले आपणच बाजूला काढायचे.

गिऱ्हाइकाला पाठवायच्या आधी एक मेसेज जातो माझा: खोकं उघडताना व्हिडिओ काढा, फुटलं असेल तर त्याच दिवशी तुकडे आणि दोन्ही खोक्यांचे फोटो पाठवा, तुकडे टाकू नका. व्हिडिओ असेल तर मी काही न बोलता पैसे परत करते. तुकडे परत मागवत नाही, कुरिअरचा खर्चच जास्त होतो. आणि कुठल्या पार्सलमध्ये काय फुटलं, कान की काठ की बूड, ते वहीच्या मागच्या पानावर लिहिते, आत्तापर्यंतच्या अकरा नोंदींत सात कान आहेत, म्हणून आता कानांना कागदाची दोन वळी.